पाहुणे एका दिवसाचे

गेल्या अंकात परदेशी पाहुण्यांना मुंबई दाखवण्याबद्दल मी दोन पानं लिहिली आणि संपादकांनी त्याखाली ‘प्रश्न पाठवा’ अशी ओळ टाकली. एवढी पत्रं येतील असं त्यांनाही वाटलं नसावं. ज्यांनी तो अंक पाहिला नाही त्यांच्यासाठी: मी गिरगावातल्या चाळीत वाढले, काळा घोड्याच्या मॅक्समुल्लर भवनात जर्मन शिकले आणि १९९४ पासून टूरिस्ट गाइडचं काम करते. थंडीत क्रूझवाले, एरवी कंपन्यांचे पाहुणे. हल्ली गुडघ्यामुळे आठवड्याचे तीनच दिवस काम घेते. पत्रं लांबलचक होती, ती कापली आहेत. रागावू नका.

प्रश्न : माझ्या मुलाच्या ऑफिसातले तिघं जर्मन सहकारी आठवड्याभरासाठी आले आहेत. पवईच्या हॉटेलात उतरलेत. येत्या रविवारी त्यांना मुंबई दाखवायची जबाबदारी मुलावर आहे. त्याने चौदा ठिकाणांची यादी केली आहे, ती सोबत जोडतो. गाडी ठरवली आहे. एका दिवसात हे सगळं होईल का? आणि संध्याकाळी त्यांना आमच्या घरी आणावं असं मला वाटतं, पण मुलगा म्हणतो, ‘बाबा, कुठे डोंबिवलीला आणता!’
(सेवानिवृत्त बँक कर्मचारी, डोंबिवली)

काका, यादी वाचली. गेटवे, घारापुरी, हँगिंग गार्डन, म्हातारीचा बूट, मणिभवन, हाजी अली, धोबीघाट, सिद्धिविनायक, जुहू… ही यादी मी चांगली ओळखते. ‘फुल डे मुंबई’ नावाने ती मीच शेकडो वेळा केली आहे. गाडीतून उतरायचं, फोटो काढायचा, पुन्हा चढायचं. संध्याकाळी पाहुण्यांना विचारलं की आज काय आवडलं, तर आठवतो तो पेडर रोडचा सिग्नल.

चौदातली दहा खोडा. सगळ्यात आधी घारापुरी. नाव जायला तासभर, यायला तासभर, वर सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, म्हणजे अर्धा दिवस गेला. लेणं अप्रतिम आहे, ती वीस फुटी त्रिमुखी मूर्ती बघून मी अजूनही गप्प होते. पण घारापुरी आणि फोर्ट एका दिवसात बसवायचं म्हणजे दोन्हींचा चुराडा. तिघांनी मुद्दाम मागितलं असेल तर फक्त घारापुरी करा, सकाळच्या पहिल्या नावांपैकी एक पकडा आणि बाकी सगळं सोडून द्या.

नसेल मागितलं, तर फोर्ट, आणि तेही पायी. आठवडाभर एसी आणि काचेच्या आत बसलेल्या माणसांना चालायचं असतं हो! रविवारी फोर्ट रिकामा असतो, आणि हा फायदा हॉटेलवाले सांगत नाहीत. साडेसातला पवईहून निघा, साडेआठला सीएसएमटी.

तिथे आत शिरायची घाई नको. महापालिकेच्या बाजूला उभं राहा आणि पाच मिनिटं मुलाला काही बोलू देऊ नका. मग एकच काम द्या: फाटकाच्या खांबांवर दोन प्राणी आहेत, ते शोधा. एकीकडे सिंह, तो ब्रिटन. दुसरीकडे वाघ, तो हिंदुस्थान. वाघ-सिंह सापडले की माणूस आपोआप वर बघायला लागतो, मग त्याला मोर दिसतात, माकडं दिसतात, दगडी पानं दिसतात. त्यातलं बरंचसं काम जे. जे. कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांच्या हातचं आहे. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स हा वास्तुकार, १८७८ ला काम सुरू झालं, दहाएक वर्षं चाललं, २००४ पासून युनेस्कोच्या यादीत. एवढं पुरे. आत गेलात तर प्लॅटफॉर्म तिकीट काढा. ‘फॉरेनर आहेत’ हे कारण टीसीला चालत नाही.

तिथून दादाभाई नौरोजी रोडच्या कमानींखालून हुतात्मा चौक. पाहुणे फ्लोराच्या पुतळ्याचा फोटो काढतील आणि शेजारचं मशाल घेतलेल्या दोघांचं शिल्प सोडून देतील. तिथे मुलाने थांबायचं. भाषेसाठी राज्य मागितलं, त्यासाठी माणसं गोळ्या खाऊन मेली आणि १ मे १९६० ला ते मिळालं, हे त्याने आपल्या शब्दांत सांगायचं. जर्मन माणसाला हे पटकन कळतं. माझा अनुभव असा की या चौकात ते जेवढे प्रश्न विचारतात तेवढे गेटवेला विचारत नाहीत.

मग ओव्हल. रविवारी सकाळी ओव्हल मैदान चुकवणं म्हणजे गुन्हा. पूर्वेला हायकोर्ट, विद्यापीठ, राजाबाई टॉवर, सगळे एकोणिसाव्या शतकातले गॉथिक. पश्चिमेला १९३० च्या दशकातल्या गोल कोपऱ्यांच्या आर्ट डेको इमारती. हायकोर्ट उभं राहिलं तेव्हा मैदानापलीकडे रेल्वेचे रूळ होते आणि त्यापलीकडे समुद्र, पश्चिमेची ती सगळी रांग भराव टाकलेल्या जमिनीवर आहे. दोन्ही बाजू मिळून २०१८ मध्ये जागतिक वारसा झाल्या. पण पाहुणे बघत बसतात ते मधलं. एका मैदानात दहा-बारा मॅच, एकमेकींत घुसलेल्या. याच्या स्लिपमधला फील्डर त्याच्या अंपायरला पाठ लावून उभा. म्युनिकच्या एका बाईंनी मला विचारलं होतं, “आपला बॉल कुठला हे यांना कसं कळतं?” जन्म गिरगावात गेला, मला कधी हा प्रश्न पडला नव्हता. बाउंड्रीवरच्या पोराला विचारलं. तो मान न वळवता म्हणाला, “आवाजावरून.”

पुढे काळा घोडा. मूळ घोड्यावर सातवा एडवर्ड बसला होता, त्याला १९६५ मध्ये राणीच्या बागेत हलवलं, आता आहे तो २०१७ चा बिनस्वाराचा घोडा. शेजारी निळं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १८८४ चं. जर्मनांना तिथे आत जायचंच असतं, तर पासपोर्ट जवळ असू द्या. दुपारी ऊन चढलं की वस्तुसंग्रहालय: आत गारवा आहे, बसायला जागा आहे, स्वच्छतागृह आहे. तिथून गेटवे पाच मिनिटांवर. ते शेवटी ठेवा, फोटोपुरतं.

आता घराचं. काका, त्यांना घरी आणाच. आणि गाडीने नाही, लोकलने. मुंबईला येऊन ट्रेनमध्ये न बसता परत जाणं हे मला वैयक्तिक अपमानासारखं वाटतं. पण रविवार आहे, तेव्हा शनिवारीच मेगाब्लॉक बघून घ्या. चारनंतर सहसा गाड्या सुरळीत होतात. पाच-सव्वापाचची फास्ट, सीएसएमटीहूनच बसा म्हणजे खिडकी मिळेल, फर्स्ट क्लासचं तिकीट काढा. १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी याच बाजूने ठाण्याला गेली होती, हे मुलाने सँडहर्स्ट रोड जायच्या आत सांगून टाकायचं, नंतर गर्दीत ऐकू येणार नाही. घरी चहा आणि पोहे. मुलगा लाजतोय ते त्याच्या वयाला धरून आहे. त्याच्या सहकाऱ्यांनी आठवडाभरात एकाही भारतीय घराचा आतला उंबरा पाहिलेला नसेल, पैज लावते.

प्रश्न : माझ्या नणंदेचा मुलगा अमेरिकेत जन्मला, त्याच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं) आहे. बायको अमेरिकन. घारापुरीला तिकीट कसं लागेल?
(गृहिणी, नागपूर)

त्याला भारतीयांचं, ४० रुपये. तिला परदेशी नागरिकांचं, ६०० रुपये. कार्ड मूळ जवळ ठेवायला सांगा, मोबाइलमधल्या फोटोवरून खिडकीवर वाद होतात. नवऱ्याचं तिकीट बायकोच्या पंधराव्या हिश्शाचं, यावरून त्यांच्यात काय होईल त्याला मी जबाबदार नाही.

प्रश्न : मुलीची इंग्लंडची मैत्रीण आमच्याकडे जेवायला येणार आहे. तिखट कमी करीन, पण बाकी काय काळजी घ्यावी? पुरणपोळी चालते का त्यांना?
(गृहिणी, ठाणे)

पुरणपोळी धावते. वरण-भात-तूप धावतं, बटाट्याची पिवळी भाजी धावते. गरम कढईतून काढलेला बटाटावडा तर रस्त्यावरचा असला तरी मी खुशाल देते, तेल उकळतं असतं. देत नाही ते उसाचा रस, बर्फ, कापून ठेवलेली फळं आणि रस्त्यावरची हिरवी चटणी. पाणी सीलबंद, आणि झाकण त्यांच्यासमोर फोडायचं.

तिखटाची भीती सगळ्यांना असते. मला भीती शेंगदाण्याची वाटते. ऐका. बऱ्याच वर्षांपूर्वी एका इंग्लिश कुटुंबाला ओळखीच्यांकडे जेवायला नेलं होतं. मुलगी सोळा-सतरा वर्षांची, तिला नट्सची अॅलर्जी, कागदावर लिहून दिलेलं. मी वहिनींना दोनदा विचारलं, “नट्स नाहीत ना कशात?” त्या म्हणाल्या, “छे छे, काजू-बदाम काही घातलं नाहीये.” आणि काकडीच्या कोशिंबिरीत मूठभर कूट. वहिनी खोटं बोलल्या नव्हत्या. आपल्याकडे कूट म्हणजे नट्स नव्हेतच, कूट म्हणजे कूट, मिठासारखं. दोन घास खाल्ल्यावर मुलीचे ओठ सुजायला लागले. तिच्या आईने पर्समधून इंजेक्शनचं पेन काढून जीन्सवरूनच मांडीत खुपसलं. मग रिक्षा, हॉस्पिटल, रात्रभर देखरेख. वाचली. त्या वहिनी पुढे कित्येक महिने मला फोन करून विचारायच्या, “ती बरी आहे ना गं?”

तेव्हापासून मी ‘नट्स’ हा शब्दच वापरत नाही. ‘शेंगदाणा, कूट, शेंगतेल’ असं एकेक विचारते. तुम्हीही मैत्रिणीला आधीच विचारा: शेंगदाणे चालतात का, दूध-तूप चालतं का. हल्ली व्हीगन पुष्कळ असतात, त्यांना तूपही चालत नाही आणि ते आपल्या सगळ्यातच असतं.

आणखी एक. आग्रह एकदाच. आपण ‘नको’ ऐकलं की वाढतो, त्या ‘नो थँक्यू’ म्हणाल्या की ते खरंच नको असतं. पानात टाकायला नको म्हणून बिचाऱ्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत खातात आणि रात्री त्रास होतो. त्याचं खापर मग तिखटावर.

प्रश्न : अमेरिकेहून येणारा माझा मित्र धारावी बघायची म्हणतो. मला ते ऐकूनच संकोच वाटतो. आपली गरिबी काय दाखवायची! त्याला नाही म्हणावं का?
(सॉफ्टवेअर इंजिनिअर, पुणे)

तुमचा संकोच मला कळतो, पण तो जरा बाजूला काढून तपासू या.

मी सात-आठ वर्षांची असताना आमच्या चाळीत एक गोरं जोडपं आलं होतं. कोणाबरोबर, का, काही माहीत नाही. आजी गॅलरीत पापड वाळत घालत होती, नऊवारीचा काष्टा खोचलेला, हात पिठाचे. त्या माणसाने न विचारता कॅमेरा डोळ्याला लावला, चार-पाच फोटो काढले, हसला आणि निघाला. आजीने जिन्यापर्यंत जाऊन त्याला हाक मारली, “अहो, पाठवणार का एक?” त्याला काय कळणार. आजीचा तोवर एकच फोटो होता, लग्नातला, तोही पुसट. ती पुढे कधीतरी म्हणायची, “माझा चांगला फोटो आहे, पण तो विलायतेत आहे.”

म्हणून धारावीबद्दल माझं मत असं: जायला हरकत नाही, कॅमेरा बंद ठेवून. तिथे बघायला गरिबी नाही, काम आहे. कुंभारवाड्यातल्या भट्ट्या, चामड्याच्या बॅगा शिवणारे, अख्ख्या शहराचं प्लास्टिक रंगानुसार निवडून, दळून, पुन्हा दाणे करणारे कारखाने. दोन-अडीच चौरस किलोमीटरमध्ये हे सगळं. तिथलीच पोरं गाइड म्हणून नेतात, फोटो काढू देत नाहीत आणि चार-पाच जणांपेक्षा मोठा घोळका नेत नाहीत, अशांबरोबर पाठवा. तुम्ही स्वतः नेऊ नका, कारण तुम्हालाही तिथलं काही माहीत नाही. बरोबर मात्र जा. पुण्याच्या इंजिनिअरला त्यात अमेरिकन मित्राइतकंच नवीन दिसेल.

घरांच्या दारातून आत डोकावू मात्र नका. दोघांनीही.

प्रश्न : मी टूरिस्ट गाडी चालवतो. पाहुण्यांना ठरावीक दुकानात नेलं की कमिशन मिळतं. एका गाइड मॅडमनी मला सगळ्यांसमोर सुनावलं की ही लूट आहे. तुम्हाला काय वाटतं? खरं सांगा.
(टूरिस्ट गाडीचालक, घाटकोपर)

दादा, खरंच सांगते. मीही घेतलं आहे. सुरुवातीची दहाएक वर्षं तर नियमित. पाहुणे गालिचे बघत असायचे आणि मी मागच्या टेबलावर चहा पीत बसायचे, निघताना पाकीट. त्यातून घरातली बरीच बिलं भरली आहेत, तेव्हा मी तुम्हाला सुनावणार नाही. सीझनचे चार-पाच महिने सोडले तर आपल्या धंद्यात काय असतं ते त्या मॅडमनाही माहीत आहे.

एकदा हॅम्बुर्गच्या एका आजींनी शाल घेतली, पश्मिना म्हणून, भरपूर पैसे देऊन. गाडीत बसल्यावर मला विचारलं, “तुम्हाला यातले काही मिळतात का?” मी म्हटलं, नाही. दोन महिन्यांनी त्यांचं कार्ड आलं, सुंदर अक्षरात: त्यांच्या तिथल्या दुकानदाराने सांगितलं की शाल व्हिस्कोसची आहे, पण रंग छान आहे आणि तुमची आठवण म्हणून वापरते. एक शब्द दोषाचा नाही. ते कार्ड मी कोणाला दाखवलं नाही.

कमिशन घेणं मी बंद केलं, असं लिहिलं तर ते पुन्हा खोटंच होईल. पण आता दुकानाच्या दारातच सांगते: “इथे तुम्ही काही घेतलंत तर मला पैसे मिळतात. तेव्हा भाव करा, आणि नको असेल तर चहा पिऊन निघू.” गंमत म्हणजे हे सांगितल्यावर लोक कमी खरेदी करत नाहीत. दुकानदार मात्र मला फार बोलवत नाहीत हल्ली. तुम्हाला इंग्रजीत एवढं सांगायला जमत नसेल तर निदान एक करा: ‘सरकारी दुकान आहे’ असं सांगू नका. ते मात्र खरोखर लूट आहे.

प्रश्न : शाळेच्या कार्यक्रमामुळे परदेशी शिक्षक आमच्या घरी येतात, त्यांना आम्ही मुंबईलाही नेतो. ते गरिबी, जात, ठरवून केलेली लग्नं याबद्दल विचारतात. झाकावं, की सांगावं? आणि इतिहासाच्या सनावळ्या विचारल्या तर आमची पंचाईत होते.
(शिक्षिका, नाशिक)

बाई, झाकू नका, आणि भाषणही देऊ नका. स्वतःपुरतं सांगा. ‘भारतात असं असतं’ म्हणण्यापेक्षा ‘माझं लग्न असं ठरलं’ हे सांगा. मी तर सांगते की मला बघायला सात जण आले होते आणि सहाव्याला मी नाही म्हटलं तेव्हा वडील तीन दिवस बोलले नाहीत. त्यानंतर कोणी मला अरेंज्ड मॅरेजची व्याख्या विचारत नाही, सातव्याचं काय झालं ते विचारतात.

सनावळ्यांचं म्हणाल, तर येत नसेल तिथे ‘माहीत नाही’ म्हणायचं. हे मी गेटवेला शिकले. नवीन होते, अंगात उत्साह होता. क्रूझच्या तीस जणांना ठसक्यात सांगितलं की पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी या कमानीतून चालत हिंदुस्थानात आले. एक म्हातारे इंग्लिश गृहस्थ पुढेच उभे होते. सगळ्यांसमोर काही बोलले नाहीत. बसकडे जाताना हळूच म्हणाले, “माय डिअर, राजा फार बारीक असला पाहिजे. कमान नव्हती तेव्हा.” रात्री घरी जाऊन वाचलं. राजा आला डिसेंबर १९११ मध्ये. तोवर कमानीचा पत्ताच नव्हता. जॉर्ज विटेटचा आराखडा पक्का झाला १९१४ मध्ये आणि कमान खुली झाली ४ डिसेंबर १९२४ ला. ज्याच्या स्वागतासाठी बांधली तो तेरा वर्षं आधीच येऊन गेला होता! आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला शेवटची ब्रिटिश तुकडी याच कमानीतून बाहेर पडून बोटीत बसली. खरी गोष्ट माझ्या थापेपेक्षा कितीतरी चांगली निघाली. आजवर मी ती तशीच सांगते, म्हातारेबुवांसकट.

प्रश्न : मी इतिहासात एम. ए. करतो आहे. वेरूळ-अजिंठ्याला गाइड व्हायचं आहे. कसं व्हायचं? मुंबईत जास्त पैसे आहेत का?
(विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

मित्राला फिरवायला परवाना लागत नाही, पैसे घेऊन पुरातत्त्व खात्याच्या स्मारकात माहिती सांगायची तर लागतो. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचा ऑनलाइन अभ्यासक्रम आहे, तिथून सुरुवात कर. नियम बदलत असतात, तेव्हा ऐकीव माहितीवर जाऊ नकोस.

पण कागदापेक्षा भाषा महत्त्वाची. इंग्रजीवाले गाइड पैशाला पासरी. तू अजिंठ्याच्या दारात राहतोस, जपानी शीक. जपानी बौद्ध यात्रेकरू तिथे भक्तीने येतात, आणि पद्मपाणीच्या चित्रासमोर उभं राहून त्यांच्या भाषेत चार वाक्यं बोलणारा माणूस त्यांना मिळाला तर पुढच्या वर्षी नाव विचारत येतात. मी जर्मनवर तीस वर्षं काढली. मुंबईत पैसे जास्त आहेत, खर्चही, आणि निम्मा दिवस ट्रॅफिकमध्ये जातो. तिथेच राहा. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद, हे तुला माहीतच असेल. पण मुंबईहून बुकिंग करणाऱ्या निम्म्या लोकांना माहीत नसतं, तेव्हा बुकिंग घेताना पहिलं वार विचार.

प्रश्न : जूनमध्ये पाहुणे येणार आहेत, वय सत्तरच्या पुढे. काय बरोबर ठेवू?
(निवृत्त परिचारिका, बोरिवली)

टॉयलेट पेपर, नॅपकिन, सुट्टे पैसे, साधा हातपंखा, आणि रबरी तळाचे बूट त्यांच्या पायात. चपला घालून येऊ देऊ नका, मंदिराबाहेरच्या ओल्या फरशीवर आम्ही एकदा माकडहाड मोडून घेतलं आहे. दर दीड तासाला स्वच्छतागृह कुठे आहे ते आधी ठरवा आणि मग त्यांच्यामध्ये प्रेक्षणीय स्थळं बसवा. हसू नका, सगळे गाइड असंच करतात. म्हातारी माणसं संकोचाने पाणी प्यायचं बंद करतात आणि मग चक्कर येते. नर्सबाईंना हे मी काय सांगू.

घारापुरीची आशा पावसाळ्यात धरू नका, समुद्र खवळला की नावा बंद. मरिन ड्राइव्हला भरतीची वेळ बघून जा. लाटा कठड्यावरून रस्त्यावर येतात तेव्हा लांब, गाडीपाशी उभं राहायचं, हातात भाजलेलं कणीस. त्याला लिंबू-तिखट त्यांना स्वतः चोळू द्या.

प्रश्न : गेल्या अंकात तुम्ही लिहिलंत की सीएसएमटी आणि समोरची महापालिकेची इमारत ‘एकाच वेळी, एकाच माणसाने’ बांधली. माणूस एकच, पण वेळ वेगळी. तुमच्यासारख्या गाइडने असं लिहावं याचं आश्चर्य वाटलं.
(वाचक, गिरगाव)

बरोबर आहे. स्टीव्हन्सच, पण महापालिकेची इमारत पुरी झाली १८९३ मध्ये, स्टेशननंतर. चूक माझी, संपादकांची नाही. गिरगावातून पत्र येणार हे वाटलंच होतं. कुठली वाडी तुमची?